नववीतल्या नव्या समुद्रप्रेमीला

तुला सागरी जीवशास्त्र आवडू लागलंय हे तू लिहिलेलं वाचून फार बरं वाटलं! शास्त्रीय नावांची यादी पाठ करायची घाई नको. आधी ओहोटी गाठ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात लांब जातं; मुंबईकडे तेव्हा ओहोटी साधारण सहा-सातला, सकाळी आणि संध्याकाळी. वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघ, पाणी सर्वात खाली जाण्याच्या तासभर आधी पोच, भरती लागली की परत फिर. एकटा मात्र जाऊ नकोस.

मग ओहोटीत खडकांमध्ये साचून राहिलेलं एकच डबकं निवड आणि बसून राहा. खडकाला चिकटलेले ते पांढरे खरखरीत बार्नेकल पाण्याखाली झाकण उघडतात, पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न ओढतात. दिसायला शिंपल्यासारखे, पण नातं खेकडा-कोळंबीशी!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- उचललेला दगड तसाच उलटा सोडणं. खाली अंडी असतात, तो होता तसा ठेव.
- जिवंत शंख घरी आणणं. शंकूच्या आकाराचे तर हातातही घेऊ नकोस, काही विषारी असतात.
- पावसाळ्यात वाहून आलेल्या निळ्या फुग्यांना, म्हणजे ब्लू बॉटलला (जेलीफिशसारखा समुद्री जीव), हात लावणं. मेलेलीही डसते.

वहीत तारीख, वेळ, जागा आणि वेडंवाकडं का होईना, चित्र. सूक्ष्मदर्शक, वर्गीकरण वगैरे पुढच्या वर्षी बघू.