गाठीतल्या एन्झाइमवरून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण किती जगेल ते कळतं का?

तुमच्या वडिलांची गाठ लवकर सापडली, ऑपरेशनने निघाली. आता ‘गाठीत आरआरएम१ हे प्रथिन जास्त असेल तर रुग्ण जास्त जगतो’ असं वाचून ती तपासणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजीत काम करते. माझं मत: त्यावर पैसे घालवू नका.

वाचलंत ते खोटं नाही. २००७ साली फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये जेरोल्ड बेप्लर यांच्या गटाने सुरुवातीच्या स्टेजच्या, फक्त ऑपरेशन झालेल्या १८७ रुग्णांच्या गाठी तपासल्या. आरआरएम१ जास्त असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण १२० महिन्यांनंतरही हयात होते; कमी असलेल्यांपैकी निम्मे साधारण ६० महिन्यांतच गेले होते. हा खरा फायदा मात्र ईआरसीसी१ हे दुसरं प्रथिनही जास्त असलेल्यांनाच दिसला, म्हणजे सुमारे ३० टक्के रुग्णांना. (मोजलं होतं ते प्रथिनाचं प्रमाण. एन्झाइम काम किती करतं, ते नव्हे.)

आरआरएम१ हा डीएनएचा कच्चा माल बनवणाऱ्या एन्झाइमचा भाग, तर ईआरसीसी१ डीएनएचा बिघडलेला तुकडा कापून काढणाऱ्या जोडीतला. समजूत अशी की ज्या गाठीत दुरुस्ती शाबूत आहे, तिच्यात नवे बिघाड कमी साठतात आणि ती कमी उग्र राहते.

गोची पुढे आहे. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध डीएनए बिघडवूनच पेशी मारतं, आणि तीच दुरुस्ती त्याचं काम उलटवते. २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या सिस्प्लॅटिन-केमोचा फायदा ईआरसीसी१ नसलेल्यांना झाला, असलेल्यांना नाही. म्हणजे केमोविना ज्याचं बरं चालतं, त्यालाच केमो लागू पडत नाही. वाटलं, आता रिपोर्ट बघून औषध ठरवता येईल.

२०१३ मध्ये ते कोसळलं. ईआरसीसी१ ची चार रूपं असतात, दुरुस्ती त्यातलं एकच करतं, आणि तपासलेल्या १६ अँटिबॉडींपैकी (प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवणारी द्रव्यं) एकीलाही ते रूप वेगळं ओळखता येईना. २००६ ला वापरलेल्या अँटिबॉडीचा नवा लॉट तर वेगळेच निकाल देऊ लागला. लॉट बदलला की रंग बदलतो, ही आमची नेहमीची रड. इथे मात्र त्यावर कुणाला केमो द्यायची ते ठरणार होतं. त्याच वर्षी बेप्लर यांच्याच चाचणीत, पुढच्या स्टेजच्या २७५ रुग्णांत, या दोन प्रथिनांवरून औषधं निवडून काहीही फायदा दिसला नाही.

त्यापेक्षा डॉक्टरांना ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ (गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारं प्रथिन) बद्दल विचारा. पहिली दोन्ही एन्झाइमच आहेत, पण त्यांच्यात बिघाड सापडला तर त्यावर गोळी आहे. ईजीएफआरचा ठरावीक बिघाड असलेल्या, ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या अदौरा चाचणीत ओसिमर्टिनिब ही गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के पाच वर्षांनी हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ७८. ही गोळी साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान, न पसरलेल्या गाठीसाठी नाही, तेव्हा रिपोर्टवर नेमकी स्टेज आधी बघा. तपासणीला पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ऑपरेशनच्या वेळचा, गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक लॅबकडे असतो, तो मागून घ्या.