रेसिपी तंतोतंत पाळूनही परदेशी पदार्थ हॉटेलसारखे का होत नाहीत?

तुम्ही विचारलंय, की पुण्यात राहून घरी थाई करी, पास्ता, रिसोटो करून बघताय, व्हिडिओ थांबवत थांबवत मापं पाळताय, तरी हॉटेलची चव काही येत नाही. तर आता महागडं आयात सामान आणावं की सरळ क्लास लावावा?

दोन्ही नको. निदान इतक्यात तरी. कोथरूडच्या एका बेताच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं मी हेच उद्योग करतेय. सामान चुकल्यामुळे माझं फारसं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते माझ्या हातांनी. हाताला आधीच एक स्वयंपाक येत असतो आणि आपलं लक्ष नसताना तो आपलंच घोडं दामटतो.

थाई ग्रीन करीचंच सांगते. माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या. लग्नानंतर त्यांनी मला पहिला धडा दिला तो नारळाच्या दुधाचा: दाट दूध सगळ्यात शेवटी, आच मंद, सारखं ढवळायचं आणि उकळी यायच्या आत गॅस बंद. दूध फुटलं की त्या घरात अब्रू गेली. मी ग्रीन करी केली तीही अशीच. वाटण तेलात जरा परतलं, भाज्या घातल्या, शेवटी अलगद दूध. तीनदा केली आणि तिन्ही वेळा ती गुळमुळीत, हिरवट, कच्च्या वाटणाचा वास येणारी झाली. मुलगा म्हणाला, "आई, हा पालकाचा सूप आहे का?"

मग एकदा कोरेगाव पार्कात एका छोट्या थाई हॉटेलात दुपारी तीनच्या सुमाराला गेले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. करी खाल्ली आणि वाढणाऱ्या मुलाला विचारलं, की ही करताना कढईत पहिल्यांदा काय पडतं? त्यानं आतून स्वयंपाक्यालाच बोलावून आणलं. दार्जिलिंगकडचा माणूस. तो हसून म्हणाला, "मॅडम, पहले मलाई को फटने दो." म्हणजे दाट दूध आधी कढईत घालून मोठ्या आचेवर आटवायचं, ते फुटून बाजूनं तेल सुटलं की त्या तेलात वाटण परतायचं, आणि पातळ दूध मागाहून. वाटणातला सगळा वास तेलात उतरतो आणि ते तेल नारळाचंच असतं. म्हणजे मी बारकाईनं जे टाळत होते, नेमकं तेच करायचं होतं!

घरी तसं केलं, तेव्हा सासूबाई मागे उभ्या. "अगो, फुटलं ना ते!" फुटलं होतं खरं. जेवताना मात्र त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

एक लक्षात ठेवा. खोक्यातलं नारळाचं दूध बऱ्याचदा फुटतच नाही, कारण ते फुटू नये म्हणूनच त्यात स्थिरक घातलेला असतो. नारळ खवून दूध काढा, किंवा खोकंच वापरायचं असेल तर चमचाभर खाण्याचं खोबरेल आधी घाला. (खाण्याचं. माझ्या भावानं मला एकदा न्हाणीघरातली बाटली आणून दिली होती.)

बाकीचं सामान इथलंच. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. आपण चहात पात टाकतो, थाई वाटणात बुडखा लागतो, मुळाजवळचा पांढरट, जाड भाग. मंडईत पातीची जुडी मिळते, पण बुडखे कापून टाकलेले असतात, म्हणून कुंडीत एक ठोंब लावून टाका. कोथिंबिरीची मुळंही त्या वाटणात जातात, जी आपण माती लागलीय म्हणून कचऱ्यात टाकतो. थाई बेझिलऐवजी आपली तुळस घालू नका, करीला तुळशीच्या उग्र वासाची वेगळीच कळा येते. फालुद्यातला सब्जा कुंडीत पेरा आणि त्याची पानं घाला. थाई बेझिल आणि सब्जा एकाच जातकुळीतले आहेत. गलांगल म्हणजे कोष्टकुलिंजन. काष्ठौषधीच्या दुकानात ते वाळलेलं मिळतं. सूपमध्ये चालतं, पण वाटणाला ओलंच हवं, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीसाठी कॅम्पातल्या मोठ्या दुकानात जा.

रिसोटोला, म्हणजे इटालियन मऊ भाताला, मी अशीच फसले. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले. न धुता शिजवायचे ही कल्पनाच करवेना. पण रिसोटोचा सगळा मऊपणा तांदळाच्या अंगच्या पिठूळपणातून येतो, तोच मी मोरीत सोडून आले होते. मग क्रीम घालून सारवासारव केली. इटालियन आरबोरिओ महाग पडतो म्हणून इंद्रायणी घेतला. आंबेमोहोराच्या वंशातला, लोणावळ्याच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला हा तांदूळ चिकट आहे, त्यामुळे काम छान होतं. फक्त तो लवकर मऊ पडतो. न धुता बटरवर परता, गरम स्टॉक पळीपळीनं घाला आणि दहाव्या मिनिटापासून शीत चावून बघत राहा. सासूबाईंचा "आसट भात" हा शब्द इथे नेमका बसतो: ताट कलतं केलं तर भात सरकला पाहिजे, पण शिताला मधे किंचित कणी हवी. इंद्रायणीला स्वतःचा वास असतो, चीजशी तो भांडतो असं माझं मत. मशरूमबरोबर मात्र जुळतं. आणि खरं सांगायचं तर, एका झगमगीत हॉटेलात मला बासमतीचा रिसोटो वाढला होता, वर क्रीमचा लपका. त्यापेक्षा माझा तिसरा प्रयत्नसुद्धा बरा होता. तेव्हा हॉटेलची चव म्हणजे प्रमाण, असं डोळे मिटून धरू नका.

पास्ता सोपा आहे. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघून घ्या, मैद्याचा लगदा होतो. १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. शिजल्यावर गार पाण्याखाली धरू नका. ती सवय आपल्याला हक्का नूडल्सनी लावलीय. ते पेजेसारखं पाणी वाटीभर ठेवा, सॉस त्यानंच मिळून येतो. (ड्युरम आणि खपली गव्हाच्या जातींवर आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम चालतं. इटलीत फारो म्हणून मिरवतो तो बहुधा आपला खपलीच, आपण त्याची खीर करतो.)

पिझ्झ्याबद्दल फार आशा ठेवू नका. नेपल्सच्या भट्टीत तो ४०० अंशांच्या वर दीड मिनिटात होतो, आपला ओव्हन २५० ला दम टाकतो. लोखंडी तवा उलटा घालून पाऊण तास तापवला आणि त्यावर पिझ्झा सरकवला तर जमतो बऱ्यापैकी. चायनीजचंही दुखणं आचेचंच. एका वेळी एकाच माणसापुरतं परता, चौघांचं कढईत कोंबलंत की भाजी परतण्याऐवजी उकडते.

चायनीजवरून आठवलं. शेजवान म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत, पण आपल्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीत खऱ्या सिचुआन मिरीचा पत्ता नसतो. ती मिरी जीभ बधिर करते. आमच्या घरी बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडतात, तीही जीभ झिणझिणवतात. पुढे वाचनात आलं की दोन्ही एकाच कुळातल्या झाडांची फळं. मग तिरफळांतल्या काळ्या बिया काढल्या, टरफलं कोरडी भाजून कुटली आणि मापो टोफूवर, म्हणजे सिचुआनच्या तिखट टोफूवर, घातली. वास वेगळा आला, तिरफळाचा दर्प जास्त, पण ती झिणझिण आली! त्या रात्री मी कॉलर ताठ करून हिंडत होते. नुसती ठेचून टाकली असती, आमटीत टाकतो तशी, तर झिणझिण इतकी उतरली नसती. पुन्हा हाताची सवय.

म्हणून क्लासचे पैसे हॉटेलात घाला, पण शनिवारी रात्री नव्हे. मधल्या वारी, आडवेळी, एकच पदार्थ मागवा. तो आधी खाल्लेला नसेल तर घरी केलेला चुकलाय हे तुम्हाला कळणार कसं? आणि "रेसिपी द्या" म्हणू नका, माणसं आखडतात. "आधी काय पडतं?" आणि "कधी उतरवता?" एवढंच विचारा. कोंढव्यात मंदी (अरबी पद्धतीचा मटण-भात) खायला गेले होते, तिथे या दोन प्रश्नांवर एका काकांनी मला भांडं उघडून दाखवलं: खाली भात, वर मटण, त्याचा रस भातावर ठिबकतोय. व्हिडिओत हेच मी चार वेळा पाहिलं होतं आणि घरी बिर्याणीसारखे थर लावले होते.

ग्रीन करीत लिंबाची पानंही लागतात. थायलंडची मॅक्रुट जातीची असतात, आपल्या कागदी लिंबाची कोवळी पानं निम्मं काम भागवतात. फक्त मागताना "कागदी लिंबाची" असं स्पष्ट म्हणा. मी सोसायटीच्या माळीकाकांना नुसतं "लिंबाची पानं आणाल का" म्हटलं, तर ते दुसऱ्या दिवशी पिशवीभर कडुनिंब घेऊन आले आणि काळजीनं विचारलं, "घरात कुणाला गोवर आलाय का, ताई?"