वाचक विचारतात : मॉरिशसचा ऊस आणि मुंबईची गिरणी

प्रश्न : मॉरिशसमधे एवढी मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते म्हणे. यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून नेलं की ते आपणहून गेले? घरात यावरून वाद चाललाय. (चिपळूण)

घरातले दोघंही अर्धे बरोबर आहेत, म्हणजे वाद काही मिटणार नाही 😀

गुलाम म्हणून नाही नेलं. उलट गुलामगिरी कायद्याने बंद झाली म्हणूनच नेलं. ब्रिटिश साम्राज्यात 1833 चा कायदा आला, मॉरिशसला तो 1835 मधे लागू झाला, मालकांना भरपाई मिळाली (सगळ्या साम्राज्यात मिळून 2 कोटी पौंड, आणि ती मालकांना बरं का, गुलामांना छदाम नाही) आणि आता ऊस तोडायचा कोणी हा प्रश्न उभा राहिला. मग करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. नोव्हेंबर 1834 मधे 'अॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 जण पोहोचले आणि पुढच्या 70-75 वर्षांत साधारण साडेचार लाख लोक मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही बरेच गेले, त्यात कोकणातली आणि घाटावरचीही माणसं होती.

करार 5 वर्षांचा, पुरुषाला महिना 5 रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ असा शिधा. अंगठा त्यानेच उठवला, म्हणजे कागदावर राजीखुशी. पण दलालाने काय सांगितलं होतं ते बघा, तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं अशी थाप मारायचे ही गोष्ट मॉरिशसमधे अजून सांगतात.

मला विचाराल तर गेला कसा यापेक्षा नको वाटलं तर परत येता येत होतं का, हे आधी बघावं. आणि तिथे गिरमिटवाला (गिरमिट म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, करारावर गेलेला मजूर) अडकला. एक दिवस कामावर नाही आला तर दोन दिवसांचा पगार कापायचे, मळा सोडून गेला तर तुरुंग. सुरुवातीला 5 वर्षांनी परतीचा फुकट प्रवास होता तोही 1850 च्या दशकात काढून टाकला. करार संपलेल्या माणसालाही 1867 च्या कायद्याने फोटो लावलेला पास जवळ ठेवायला लागायचा, नसला की पोलीस धरणार. शेवटी 1871 मधे द प्लेव्हिट्झ नावाच्या एका मळेवाल्यानेच पुढाकार घेतला आणि 9,401 मजुरांच्या सह्यांचा अर्ज गेला, तेव्हा कुठे चौकशीला रॉयल कमिशन आलं. तरी मजूर नेणं थांबायला 1910 उजाडलं.

प्रश्न : मग मुंबईच्या गिरण्यांत आलेले आमचे पणजोबा 'स्वेच्छेने' आले असंच म्हणायचं ना? (लालबाग)

वरच्या कसोटीवर हो, बऱ्यापैकी. शिमग्याला, गणपतीला, भातलावणीला गिरणीकामगार गावी जायचा आणि त्यासाठी त्याला कोणी तुरुंगात टाकत नव्हतं. खाडा झाला की बदलीवाला उभा असायचा, परत आल्यावर जॉबरचा (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाचा) हात ओला करून पुन्हा चिकटायचं. पगार मात्र महिना उलटून गेल्यावर मिळायचा, म्हणजे नोकरी तडकाफडकी सोडली तर अंगावरचे पैसे अडकणार, तेवढा फास होताच.

आणि गावातून निघायचं कारण? रत्नागिरी जिल्ह्यात खोती (गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताचा जमिनीवरचा हक्क), जमिनीचे तुकडे, वर्षाला भाताचं एकच पीक. खोताचा वाटा दिला की उरलेल्यात घर पावसाळ्यापर्यंत टिकायचं नाही, मग बोटीने मुंबई आणि घरी मनीऑर्डर. बायकापोरं गावी, पुरुष गाळ्यात दाटीवाटीने झोपणार, जेवण खानावळीत. याला स्वेच्छा म्हणा, पण घरात दाणे असते तर किती जण आले असते?

अजून एक, 'आमचे पणजोबा' सगळ्यांचे एकाच दाराने आत नाही गेले. दलित कामगारांना कापड विणायच्या खात्यात घेतच नव्हते, तिथे पगार जास्त. कारण काय, तर नवी कांडी (सुताची रीळ) भरताना धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनातून) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि मग विटाळ! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता. गावच्या जातीतून सुटायला शहरात आलेल्या माणसाला खातं कुठलं मिळणार हे परत जातच ठरवत होती, आणि गिरण्यांच्या आठवणी काढताना हे आपण फार लवकर उरकतो असं माझं मत.

प्रश्न : आमच्या घराण्यातले एक जण मॉरिशसला गेले होते असं आजी सांगायची. शोधता येईल का? (सावंतवाडी)

येईल, प्रयत्न करून बघा. मॉरिशसच्या मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या मजुरांची रजिस्टरं जपून ठेवलीत. प्रत्येकाला नंबर दिलेला असायचा, सोबत बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज. 1860 च्या दशकापासूनचे फोटोही बऱ्याच जणांचे आहेत. फक्त नाव आपण लिहितो तसं सापडेल ही अपेक्षा सोडा, साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. नुसत्या नावावर शोधायला गेलात तर दमाल, त्यामुळे गाव, तालुका आणि अंदाजे वर्ष आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून काढून घ्या.