दहा वर्षं जुनी लक्झरी गाडी सर्व्हिसला नेली की शोरूमवाले भाव का देत नाहीत?

वॉरंटी संपलेल्या गाडीवाल्याकडून त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, मोठं बिल नाहीतर एक्स्चेंज. माझी सेकंडहँड जर्मन सेडान लिफ्टवर चढायच्या आत ॲडव्हायझरने नव्या मॉडेलचं ब्रोशर हातात ठेवलं, आणि नुसता बुश (सांध्यातला छोटा रबरी तुकडा) गेलेला तर अख्ख्या कंट्रोल आर्मचं, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचं एस्टिमेट! गिअरबॉक्स ऑइल विचारलं तर म्हणे लाइफटाइम आहे, बदलायचं नसतंच, अहो तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १.२ लाख किमीला बदला म्हणते. एस्टिमेट लेखी घ्या, काढलेला पार्ट परत मागा. रिकॉलचं (कंपनी दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावते त्याचं) फुकट काम तिथेच करा, बाकीचं चांगल्या स्पेशालिस्ट गॅरेजला, बॉश नाहीतर लेम्फर्डर अशा पार्ट बनवणाऱ्यांचे पार्ट गाडीच्या कंपनीच्या डब्याशिवाय बरेच स्वस्त पडतात. कॉफी मात्र शोरूमचीच भारी असते हां.