शाळेतलं जेवण देशोदेशी इतकं वेगळं का?

तुम्ही विचारलंय की जपान, फ्रान्स, फिनलंडच्या शाळांतल्या जेवणाचे फोटो पाहिले की आपल्या शाळांतली खिचडी बिचारी वाटते, तर हा फरक निव्वळ पैशाचा आहे का?

पैशाचा आहे, पण वाटतो त्याहून बराच कमी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शालेय पोषण आहाराचं काम माझ्याकडे असल्याने या विषयावर हाती येईल ते वाचत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या फोटोंबद्दल. 'जगभरातली शाळेची जेवणं' म्हणून जी देखणी ताटं वर्षानुवर्षं फिरताहेत, त्यातली बरीचशी 2015 मध्ये एका अमेरिकी सॅलड विकणाऱ्या कंपनीने मुद्दाम मांडून टिपलेली आहेत. कुठल्या शाळेत मुलांच्या पुढ्यात वाढलेली ती ताटं नव्हेत. त्यांच्याशी आपल्या खिचडीची तुलना करून वाईट वाटून घेऊ नका.

आता पैशाचं. नॉर्वे जगातल्या अतिश्रीमंत देशांपैकी एक. तिथल्या बहुतेक शाळांत गरम जेवण मिळतच नाही. मुलं घरून डबा आणतात. त्यात पावाचे काप, त्यांवर तपकिरी चीज किंवा असंच काहीतरी आणि काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद. जवळच्या फिनलंडमध्ये मात्र प्रत्येक मुलाला रोज गरम जेवण मिळतं आणि तेही फुकट. तो कायदा 1943 चा आहे. देश युद्धात होता, अन्नाची टंचाई होती, आणि तरी ठरलं की पाच वर्षांत सगळ्या शाळांनी जेवण सुरू करायचं. 1948 पासून ते लागू झालं. सुरुवातीला मुलांनाही हातभार लावावा लागे, रानातली बेरी गोळा करून आणावी लागत, शाळेच्या मळ्यात काम करावं लागे. आज तिथे अर्धं ताट भाज्यांचं, चौथा हिस्सा बटाट्याचा किंवा भाताचा, चौथा हिस्सा मासे, मांस किंवा कडधान्याचा असं प्रमाण मुलांना शिकवतात. सोबत पाव आणि दूध. म्हणजे फिनलंडने हे सुरू केलं ते गरीब असताना.

माझ्या मते खरा फरक पडतो तो या प्रश्नाच्या उत्तराने: दुपारी शाळेत बसलेल्या मुलाची भूक ही कोणाची जबाबदारी? घरची, सरकारची, की सरकारची पण फक्त गरिबांपुरती? ज्या देशाने जे उत्तर दिलं, तसं तिथलं ताट घडत गेलं.

जपानबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यांना तिथलंच कौतुक असतं आणि ते रास्तच आहे. तिथे याची सुरुवात 1889 साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी झाली. एका बौद्ध मंदिरात चालणाऱ्या शाळेत भिक्षूंनी गरीब मुलांना भाताचे गोळे, भाजलेला खारा मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर देश उपाशी होता तेव्हा परदेशी मदतीतून आलेली दूध पावडर आणि अमेरिकी गव्हाचा पाव यांवर शाळांतलं जेवण पुन्हा उभं राहिलं. 1954 मध्ये कायदा झाला. भात हे ज्यांचं मुख्य अन्न, त्या देशाच्या शाळांत भात अधिकृतपणे आला तो थेट 1976 मध्ये! तोवर एक अख्खी पिढी शाळेत पाव खाऊन मोठी झाली.

तिथला पदार्थांपेक्षा जेवणाचा रिवाज मला जास्त मोलाचा वाटतो. प्राथमिक शाळेत बहुधा वेगळी जेवणाची खोली नसते, वर्गातच जेवायचं. ज्यांच्याकडे त्या दिवशी वाढण्याचं काम असेल ती मुलं पांढरे अंगरखे, टोप्या, मास्क घालून पातेली आणतात आणि सगळ्यांना वाढतात. बाई किंवा सर त्याच वर्गात, तेच अन्न खातात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक चव घेऊन बघतात. सगळ्यांना सारखंच वाढलं जातं. आहारतज्ज्ञ शिक्षक हे रीतसर पद 2005 पासून आहे आणि मासळी कुठून आली, भाजी कोणी पिकवली हा शिकवण्याचा भाग आहे.

पण हे जेवण सगळीकडे फुकट होतं असं समजू नका. कायद्याने वाटणी केली: स्वयंपाकघर आणि पगार नगरपालिकेचे, सामानाचा खर्च पालकांचा. 2023 मध्ये तो साधारण महिना साडेचार-पाच हजार येनच्या घरात होता. गरीब कुटुंबांना मदत मिळते, आणि अलीकडे अनेक नगरपालिकांनी फी माफच केली आहे.

फ्रान्सचं थोडक्यात. तिथे जेवणात पहिली थाळी, मुख्य पदार्थ, चीज किंवा दही, फळ किंवा गोड असे भाग असतात. 2011 च्या नियमांनुसार सलग 20 जेवणांचा हिशेब पाहतात. तळलेलं किती वेळा, ताजी फळं किती वेळा, सगळं ठरलेलं. केचप आणि मेयोनीज मुलांना हवं तेवढं घेता येत नाही, पाव आणि पाणी मात्र हवं तेवढं. (1956 पर्यंत तिथल्या शाळांत लहान मुलांना जेवणासोबत वाइन चालत असे, हे वाचून मी थक्क झाले होते. त्या वर्षी 14 वर्षांखालच्या मुलांसाठी ती बंद झाली.) पैशांची रीतही चांगली आहे. अनेक शहरांत दर कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतो. पॅरिसमध्ये सगळ्यात गरीब घराला एका जेवणाचे 0.13 युरो आणि सगळ्यात श्रीमंत घराला 7 युरो. हिशेब मोठ्यांचा मोठ्यांत होतो, मुलांसमोर सारखंच ताट येतं.

अमेरिकेत नेमकं हेच बिघडलं. 1946 चा तिथला कायदा मुलांच्या आरोग्यासाठी होता आणि शेतकऱ्यांच्या जादा मालाला गिऱ्हाईक मिळावं यासाठीही. कायद्यात दोन्ही हेतू सरळ लिहिलेले आहेत. पुढे मुलांचे तीन गट झाले: फुकट, सवलतीत, पूर्ण पैशात. कोण कुठल्या गटात ते घरच्या उत्पन्नावर. सवलतीच्या रेषेच्या जरा वर असलेलं कुटुंब पैसे भरू शकलं नाही की मुलाच्या नावावर उधारी चढते. उधारी असलेल्या मुलाच्या हातातलं गरम जेवण काढून थंड सँडविच देणं, हातावर शिक्का मारणं, वाढलेलं ताट त्याच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकणं, असे प्रकार तिथे झाले आहेत. अन्न फेकलं तरी चालेल पण उधारी असलेल्या मुलाने ते खायचं नाही! मी हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातले चेहरे डोळ्यांसमोर आले आणि पुढचं वाचवेना. 2017 मध्ये न्यू मेक्सिको राज्याने असा अपमान करण्यावर कायद्याने बंदी घातली. करोनाच्या काळात सगळ्या मुलांना फुकट जेवण मिळालं, आणि ती सवलत संपल्यावर कॅलिफोर्निया, मेन आणि नंतर आणखी काही राज्यांनी ते स्वतःच्या खर्चाने कायम केलं.

'फक्त गरिबांना द्या, श्रीमंतांच्या मुलांवर सरकारी पैसा कशाला?' हा युक्तिवाद आपल्याकडेही नेहमी ऐकू येतो. दक्षिण कोरियात त्यावर चक्क सार्वमत झालं. ऑगस्ट 2011 मध्ये सोलचे महापौर ओ से-हून यांनी लोकांसमोर प्रश्न ठेवला की फुकट जेवण उत्पन्नाने खालच्या अर्ध्या मुलांनाच द्यावं की सगळ्यांना. मतमोजणीसाठी एक तृतीयांश मतदान गरजेचं होतं, झालं 25.7 टक्के. पेट्या उघडल्याच नाहीत आणि महापौरांनी राजीनामा दिला. सगळ्यांना द्या म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो: फुकट जेवणासाठी घरची गरिबी सिद्ध करावी लागली, की ते मूल वर्गात वेगळं पडतं.

आता आपल्याकडचं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला जेवण, उत्पन्नाचा दाखला न मागता. हे लहान काम नाही. 1920 मध्ये मद्रास महापालिकेने एका शाळेत सुरुवात केली, 1956 मध्ये मद्रास राज्याचे (आजच्या तमिळनाडूचे) मुख्यमंत्री कामराज यांनी ते राज्यभर नेलं, 1982 मध्ये तिथलेच मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. देशभराची योजना 15 ऑगस्ट 1995 ला आली, पण बहुतेक राज्यं कोरडे तांदूळ देऊन मोकळी होत होती. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला तेव्हा चुली पेटल्या. शिजवलेल्या जेवणाने आणखी एक गोष्ट साधली, जी तांदळाच्या पिशवीने कधीच साधली नसती: सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसू लागली. दलित बाईने रांधलेलं खायचं नाही म्हणून मुलांना घरी नेणारे पालक अनेक राज्यांत निघाले, अजूनही निघतात. म्हणून तर रोजची पंगत मला फार महत्त्वाची वाटते.

मग उणं कुठे आहे? पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य मिळतं, आणि डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यासाठी मे 2025 पासून 6.78 रुपये. सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम आणि 10.17 रुपये. एवढ्यात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. भाज्या महागल्या की खिचडीत हळदच तेवढी दिसते. तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं. महाराष्ट्रात 2023 मध्ये आठवड्यातून एकदा सुरू झालं आणि 2025 च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबला. रांधणाऱ्या मदतनीस ताईंचं केंद्राने ठरवलेलं मानधन 2009 पासून महिना 1000 रुपयेच आहे, तेही वर्षातल्या 10 महिन्यांचं. राज्यं आपापल्या परीने त्यात भर घालतात. पहाटे घरचं आवरून, धुरात उभं राहून शेकडो पोरांना खाऊ घालणाऱ्या बाईला आपण एवढंच देतो, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी जपानपेक्षा ब्राझीलकडे बघते. आपल्यासारखाच अवाढव्य, विषमता असलेला देश, आणि सुमारे 4 कोटी मुलांना शाळेत जेवण. 2009 च्या कायद्याने तिथे तीन गोष्टी सक्तीच्या केल्या. केंद्राच्या पैशातले किमान 30 टक्के (2026 पासून 45 टक्के) आसपासच्या छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च करायचे, जेवणाची आखणी आहारतज्ज्ञाने करायची, आणि पालक, शिक्षक, स्थानिक संस्था यांची समिती हिशेब तपासणार; समिती नसेल तर निधी नाही. यातली पहिली अट आपल्याकडे आली तर गावातलीच मेथी, शेवगा, अंडी गावच्या शाळेत येतील आणि पैसाही गावात राहील. समिती तर आपल्याकडे आधीच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतातच, चव नोंदवहीही प्रत्येक शाळेत असते. तुमच्या जवळच्या शाळेत एकदा दुपारी जा, ती नोंदवही मागून बघा आणि मुलांसोबत बसून जेवा.