युव्हेआयटिसमध्ये स्टेरॉइड कायम घ्यावं लागतं का?

सहसा नाही. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते; कारण संसर्ग नसेल तर बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्याच्या आतल्या भागावर उलटलेली असते. सूज पटकन उतरवायला स्टेरॉइड लागतं, पण ते लांबलं की मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो. म्हणून आजार चिवट असेल तर मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध जोडून स्टेरॉइड हळूहळू कमी करतात. हळूहळूच, कृपा करून मनाने बंद करू नका. या दोन औषधांची थेट तुलना करणाऱ्या 'फास्ट' चाचणीत (२०१९) २१६ रुग्ण होते आणि मायकोफेनोलेट सरस ठरलं नाही. एवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन आहे. सूज पेटवणारा टीएनएफ हा रेणू ते अडवतं. अमेरिकेत त्याला युव्हेआयटिससाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी हवीच, कारण शरीरात दबलेला क्षय त्याने उसळू शकतो.