'प्लेन्टी'मधली सुसान वेडी आहे की आत्मकेंद्री? मूळ नाटक वाचलं तर उलगडेल का?

वेडी नाही. आत्मकेंद्री आहे, पण तो काही आजार नव्हे. डेव्हिड हेअरचं मूळ इंग्रजी नाटक वाचा. तुम्ही त्यावरचा सिनेमा आधी पाहिलात हे बरंच झालं.

इथेच थांबले असते. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही 'नवऱ्याची मात्र कीव आली' असं लिहिलंय, ते वाचून माझं डोकं फिरलं. म्हणून पुढचं.

२००९ साली नाशिकला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही ह्या नाटकाचं घरगुती वाचन केलं होतं. परवानगी-बिरवानगी काही नाही, चहा-बाकरवडीवरचा कार्यक्रम. ओढूनताणून केलेलं मराठी माझं, बसवलं माझ्या थोरल्या भावाने. सुसान मी, तिचा नवरा ब्रॉक म्हणजे आमचे हे, मैत्रीण ॲलिस वहिनी. सर लेनर्ड डार्विनसाठी (सिनेमात जॉन गिलगुड) तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त सर्कल ऑफिसरना पकडून आणलं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डार्विन म्हणजे तो माकडवाला का?"

पण जेवणाच्या प्रसंगात तेच भाव खाऊन गेले. १९५६चा ऑक्टोबर. इस्रायलशी आतून संगनमत करून इंग्लंड-फ्रान्स इजिप्तच्या सुएझ कालव्यात घुसतायत आणि परराष्ट्र खात्यात जन्म काढलेल्या ह्या माणसालाच त्याचा पत्ता नाही. घरात बर्मी पाहुणे. सगळे विषय टाळतायत आणि सुसान नेमका तोच उकरतेय. डार्विनचं दुःख चढाईचं नाहीच. उघडपणे घुसला असतात तर मी बाजू घेतली असती, माझ्याशी खोटं का बोललात, एवढंच त्याचं म्हणणं. हे वाचताना काकांच्या हातातले कागद थरथरायला लागले. त्यांच्या नोकरीत काय झालं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

भांडण झालं ते शेवटावरून. पुस्तकात नाटक १९६२ला सुरू होतं, संसार मोडलेला आहे. मग मागे १९४३च्या फ्रान्समध्ये जातं, तिथून पायरीपायरीने परत १९६२पर्यंत येतं, आणि पडदा पडायच्या आधी एकदम ऑगस्ट १९४४. फ्रान्स मोकळा झालाय. एसओई ह्या ब्रिटिशांच्या युद्धकाळातल्या गुप्त संघटनेसाठी जीव मुठीत धरून राहिलेली ही पोरगी टेकडीवर एका शेतकऱ्याशी बोलत उभी आहे. आता असेच दिवस येणार, कितीतरी येणार, अशा खात्रीत.

दादा म्हणाला, हे सुरुवातीला घेऊ. "प्रेक्षकाला आधी कारण कळलं पाहिजे. नाहीतर ही बया का किंचाळते तेच समजणार नाही."

मी म्हटलं, ते कारण नाहीये रे, ती थकबाकी आहे. तर म्हणाला, "तुझं किल्लारीपुराण मध्ये आणू नकोस."

आता हे सांगणं आलं. १९९३च्या भूकंपानंतर मी तीन महिने सास्तूरला होते. वय चोवीस. पत्र्याच्या शेडमध्ये बसून याद्या लिहायच्या: घरातली माणसं किती, राहिली किती. सांगायला लाज वाटते, कारण लोकांची घरं उजाडली होती, पण तेवढी जिवंत मी आयुष्यात पुन्हा कधी नव्हते. रात्री दोनला कुणीतरी उठवायचं आणि आपण काहीतरी उपयोगाचं करायचो. परत आले ती थेट बँकेच्या काउंटरवर, पासबुकं भरायला. वर्षभर घरात सगळ्यांशी भांडत होते. दादाने तेव्हाही 'हिला डोक्याच्या डॉक्टरला दाखवा' म्हटलं होतं.

तर त्याने हवा तसा क्रम लावला. टेकडी आधी वाचली. त्यामुळे शेवटी राहिलं ब्लॅकपूलचं हॉटेल: युद्धात एका रात्रीपुरता भेटलेला लझार जवळजवळ वीस वर्षांनी परत भेटतो, तोही आता बायको-घर-नोकरीवाला मिळमिळीत झालेला, आणि सुसान नशेत पडलेली. दिवे बंद. पहिल्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "व्यसनापायी वाया गेली बाई." दादा मला म्हणतो, "बघ, पोचलं की नाही?"

पोचलं ते हे असलं.

डेव्हिड हेअरचं हे नाटक १९७८चं. १९८५च्या सिनेमाची पटकथाही त्याचीच. सिनेमात त्याने १९६२ची सुरुवात उचलून टाकली, गोष्ट थेट युद्धापासून सरळ रांगेत लावली. पण टेकडी? जागची हलवली नाही. तिथेही ती शेवटीच आहे. हे मी दादाला दहा वेळा सांगितलंय.

'प्लेन्टी' म्हणजे मुबलक. युद्ध जिंकलं की सगळं मुबलक मिळणार होतं. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये पाव युद्धभर रेशनवर नव्हता, तो १९४६ला रेशनवर गेला, आणि मटणाचं रेशन सुटायला जुलै १९५४ उजाडलं. बायकांचं तर विचारू नका. क्रिस्टिन ग्रॅनव्हिल ही एसओईची खरीखुरी हेर, मूळची पोलिश. युद्ध संपल्यावर हिच्यासाठी काम उरलं नाही. दुकानात विक्रेती, टेलिफोन ऑपरेटर, बोटीवर स्टुअर्डेस, असं करत १९५२ला लंडनच्या एका हॉटेलात तिचा खून झाला. सुसान काल्पनिक आहे, तिच्यावर बेतलेली आहे असं मी म्हणत नाही. पण 'जुनं विसरून संसार का नाही केला' हे ज्यांना विचारायचंय त्यांनी आधी ग्रॅनव्हिलला विचारावं.

आता एक कबुली. सुसानबरोबर राहणं नरक आहे. मूल हवं म्हणून ती एका पोराला वापरते आणि पुढे त्याच्यावर पिस्तूल रोखते, त्याची सफाई मी देणार नाही. ब्रॉक वाईट माणूस नाही, आमच्या ह्यांनी तो फार चांगला वाचला. थोडा जास्तच चांगला, सवय असल्यासारखा. आणि सिनेमातली सुसान, मेरिल स्ट्रीप, मलाही जरा थंड वाटते. १९७८ला रंगमंचावर केट नेलिगनने हे काम केलं होतं, ते बघायला मिळालं असतं तर माझ्या बांगड्या विकल्या असत्या.

नाटक वाचताना शेवटची चार पानं आधी उघडू नका.

दोन वर्षांपूर्वी दादाला आमच्या घरी बसवून सिनेमा दाखवला. टेकडी आली. तो म्हणाला, "एवढं ऊन कशाला दाखवलंय शेवटी?"

वहिनी म्हणाली, "गप्प बसा ना जरा."